पहिलं बटण

वाडी, नागपूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. बाबा,
सप्रेम जय भीम. आई बरी आहे. इकडे थंडी फार आहे, तिकडे आत्याच्या अंगणात शेकोटी असेलच. उजवा पाय जवळ नेऊ नका, चटका लागला तरी कळायचा नाही. फोनवर तुम्ही लगेच आत्याकडे फोन देता, म्हणून लिहिते.

तुमची उजवी बाजू लुळी पडून तुम्ही कोसळलात, त्या दिवशी आपला जुना पॉवर सप्लायही तुमच्यासोबतच टेबलावरून खाली आला. आतलं बोर्ड तडकलं. म्हणून मी नवा करायला घेतला, व्होल्ट कमी-जास्त करता येणारा. त्यासाठी दोनदा बर्डीच्या बाजारात जाऊन आले. पार्ट्सवाल्या भैय्याजींनी दुकानातला चोवीस व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिला. तारेचं टोक खरवडून पाहिलं, अ‍ॅल्युमिनियम नाही, तांबंच निघालं. कपॅसिटरवर मात्र अडले. ते म्हणाले, "पस्तीस व्होल्टचा चालते त्याले. काहून त्रेसष्टचा मागून राहिली?" मी म्हटलं, चोवीस एसीचे डीसी झाले की चौतीस होतात, आणि वाडीत गोदामं बंद झाली की लाइनचं व्होल्टेज चढतं. चालणं वेगळं, टिकणं वेगळं. ते हसले. "बापावर गेली," म्हणाले. मला बरं वाटलं.

सगळ्यात वेळ गेला तो नॉबखालचा, व्होल्ट कमी-जास्त करायचा पॉट निवडण्यात. काट्याचा मीटर लावून एकेक हळू फिरवून पाहिला. काटा उडाला की तो पॉट बाजूला. असा पॉट एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाचं बोर्ड जाळतो, हे तुमचंच शिकवणं. मी डाव्या हातानं फिरवत होते. भैय्याजींनी विचारलं, "डावखोरी हायेस का वं?" मी हो म्हटलं. खोटं बोलले, ते दिवसभर लागून राहिलं.

नॉब मोठा घेतलाय, जुन्या रेडिओला असायचा तसा. पेटीवर डावीकडे बसवलाय. बटणही डावीकडेच.

परवा फोनवर आत्याच्या मागून तुमचा आवाज आला. "टेबल इकून टाक म्हना तिले." मी ऐकलंच नाही असं दाखवून आत्याला तुरीचं विचारलं. पण ऐकलं होतं, बाबा. शब्द जड होते, तरी सगळे कळले. आपलं दुरुस्तीचं टेबल विकलेलं नाही.

सप्लाय चार दिवसांपासून तयार आहे, पण अजून लावलेला नाही. आपल्याकडे ज्यानं सोल्डरचे डाग दिले तो पहिलं बटण दाबत नाही. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून. मी आठवीत होते तेव्हापासून माझं काम तुम्ही तपासता, तुमचं मी. मग सिरीजमध्ये बल्ब लावून बटण; चूक असली तर बल्ब भगभगतो, माल जळत नाही. आई रोज विचारते, "मुहूर्त पाहून राहिली का?" काल म्हणाली, आण, मीच दाबते. तिला म्हटलं, आधी एकेक सांधा पाहावा लागतो.  मग ती तुमची खुर्ची पुसून गेली.

सांधे पाहायला डोळे लागतात, ते तुमचे चांगले आहेत. बटणाला एक बोट लागतं. ते उजवंच हवं असं कुठं आहे? मला भीती वाटते, पण सप्लायची नाही. पहिल्यांदा तुमचं बोट बटणावरून घसरेल, दुसऱ्यांदाही घसरेल. मी बल्बाकडे पाहत राहीन, तुमच्याकडे नाही.

येत्या रविवारी आत्याला घेऊन या. नाही आलात तर त्याच्या पुढच्या रविवारी. तोवर बटण मी कुणाला दाबू देणार नाही.

तुमची,
बटणापाशी थांबलेली,
भूमिका