पाखऱ्यानं पास केलेला कम्प्युटर

मुक्काम राजुरी,
रविवार, दुपार (तुझी भावजय झोपल्यावर)

तीर्थस्वरूप नूतनताईस,

धाकट्या दादाभाऊचा वाकून नमस्कार. दाजींच्या गुडघ्याला उतार पडला का? म्हशीनं दूध चोरायचं सोडलं का? इकडं सगळे मजेत. मजेत म्हणजे काय, मी तर कालपासून जमिनीवरच नाही! ताई, आपल्या घरात कम्प्युटर आला! खास फोटो एडिट करायचा! (फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू लगेच ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि माझं निम्मं पोटातच राहतं. म्हणून हा कागद. पप्पू संध्याकाळी माल घेऊन पुण्याला चाललाय, तुमचं पेठ गाव त्याच्या वाटेवरच आहे, त्याच्या हाती देतोय.)

कारण तुला ठाऊकच आहे. तेजूच्या साखरपुड्याचे फोटो मी जीव तोडून काढले आणि नेहमीसारखे एडिटला स्टुडिओवाल्याकडे दिले. त्या बाबाच्या हाताखालून जो जातो तो दुधात बुडूनच बाहेर येतो. आपली तेजू सावळी, रेखीव. अल्बममध्ये निघाली मैद्याची! तुझे व्याही पानं उलटत ‘यात नवरी कुठली?’ विचारत होते आणि पोरगी त्यांच्या शेजारीच बसलेली. तिनं गपचूप अल्बम मिटला आणि मला एवढंच म्हणाली, “मामा, मी अशीच चालत नाही का?” ताई, खोटं नाही सांगत, त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही. आता लग्नाचे फोटो पुण्याच्या पार्टीला द्यायचं तुमचं चाललंय, असं कानावर आलं. तुमचं काही चुकत नाही. पण मीही ठरवलं, इथून पुढं एडिट घरी आणि माझ्या हातानं.

कम्प्युटर घ्यायचा म्हटल्यावर सल्ला द्यायला अख्खी आळी गोळा झाली. एक म्हणतो लॅपटॉप घे, दुसरा म्हणतो आधी रॅम बघ, तिसऱ्याला रॅम म्हणजे काय ते माहीत नव्हतं पण जास्त घे म्हणाला. शेवटी मी चिमाजीतात्यांकडं गेलो. त्यांनी पाठीवरून हात फिरवल्याशिवाय आपल्या आळीत खोंडसुद्धा दावणीला येत नाही, मग कम्प्युटर तरी कसा येईल? मी त्यांना समजावलं, की आपल्याला स्क्रीन अशी पाहिजे की माणसाचा रंग जसा आहे तसाच दिसला पाहिजे. तात्यांनी तंबाखू मळेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, “रंग पारखायचा तर जितराब म्होरं पायजे. तेजूला काय दुकानात उभी करता येत न्हाई. पाखऱ्याला घिऊ.”

पाखऱ्या म्हणजे त्यांचा शर्यतीचा बैल. अंगानं कोसा, ना धड पांढरा ना धड तांबडा. त्याचा रंग तात्यांना झोपेत विचारला तरी सांगतील. तर ताई, काल सकाळी आम्ही पाखऱ्याला पिकअपमध्ये चढवून वारूळवाडीला कम्प्युटर घ्यायला गेलो! (हसू नकोस. निदान दाजींना वाचून दाखवताना तरी हसू नकोस.)

दुकानाच्या दारात पिकअप लावली. दुकानदार मोहितशेठ धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, बैलाला पाणी पाहिजे. मी तिथंच पाखऱ्याचा फोटो काढला आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. मग सुरू झाली परीक्षा. एकेक स्क्रीन दारापर्यंत आणायची, तात्या एकदा स्क्रीनकडं बघणार, एकदा बैलाकडं. पहिलीला म्हणाले, “ह्यो पांढराफटक कुनाचा?” दुसरीला म्हणाले, “ह्याला कावीळ झालीया.” तिसरी भली मोठी, वाकडी, सोबत रंगीबेरंगी दिवे लागणारा कीबोर्ड. तात्या म्हणाले, “आदी झूल काढून दाखवा.” तोवर रस्त्यावर ही गर्दी! त्यातल्या कुठल्या तरी दिवट्यानं बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटातल्यासारखी ‘भिर्रर्र’ आरोळी दिली आणि पाखऱ्याला वाटलं, सुटली बारी! पिकअप अशी गदागदा हलायला लागली की मोहितशेठ स्क्रीनला मिठी मारून दुकानाच्या पायरीवरच बसले.

शेवटी कोपऱ्यातली एक उदासवाणी स्क्रीन आली. शेठ म्हणाले, ही जरा फिकी दिसते, हिला गिऱ्हाईक नाही. तात्यांनी बघितलं, बैलाकडं बघितलं आणि डोळ्यात पाणीच आणलं हो! “ह्यो आपला पाखऱ्या!” खात्रीसाठी स्क्रीन बैलाच्या तोंडासमोर धरली, त्यानं ती खालपासून वरपर्यंत चाटली. आता चाटलेली स्क्रीन शेठ कुणाला विकणार? मग तात्यांनी खालच्या डब्यावर तळहात ठेवला, मी कार्डातला सगळा साखरपुडा एकदम उघडला आणि तात्यांनी निकाल दिला, “दम लागत न्हाई, तापत न्हाई. घ्या.” वर एक प्रिंटरही घेतला.

घरी आल्यावर पूजा झाली. जनावर दारी आलं की तात्या मळवट भरतात तसा त्यांनी स्क्रीनवरून हळदीचा ओला हात फिरवला, नारळ फोडला, आणि मी जो कामाला बसलो तो जेवायलाच उठलो. तेजूचा चेहरा फारच पिवळा येत होता. (मांडवातल्या दिव्यांचा दोष.) म्हणून पिवळा कमी करत, करत, करत आणला आणि काय सांगू, तेजू अशी हुबेहूब उतरली! तुझी भावजय दोनदा काहीतरी सांगायला आली, पण हे टेक्निकल काम, मध्ये बोलू नको म्हणून मी तिला घालवलं. फोटो सोबत पाठवतोय. प्रिंट जराशी निळसर वाटेल, ती शाई नवीन असल्यामुळं.

दाजींना नमस्कार, तेजूला पोटभर आशीर्वाद.

तुझा भाऊ,
दादाभाऊ

ता. क. – पुण्याच्या पार्टीला अजून विसार दिला नसेल तर देऊ नकोस. खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा – घात झाला! भावजय उठली, तिनं पदरानं स्क्रीन पुसली आणि सगळी हळद पदराला आली. पिवळी तेजू नव्हतीच, स्क्रीन होती! कालपासून ती हेच सांगायला येत होती म्हणे. आता स्क्रीनवरही तेजू निळी दिसतेय, पार विष प्यायल्यासारखी. तो फोटो तिच्या हाती लागू देऊ नकोस, चुलीत घाल. थांब, मीच पाकिटातून काढतो.

ता. क. तिसरा – भावजयीनं कॅमेऱ्यातून आला तसाच, हात न लावलेला फोटो उघडला आणि मला विचारलं, “मंग ह्याला काय धाड भरली व्हती?” ताई, मीही वाकून बघितलं. सावळी, हसरी, तू लग्नात दिसत होतीस तश्शी. तोच छापून पाठवतोय. (शाईचा काही दोष नव्हता.) मग कम्प्युटर कशाला घेतला, असं दाजी विचारतील. त्यांना सांग, तात्या आता सकाळ-संध्याकाळ स्क्रीनवर पाखऱ्या बघायला येऊन बसणार आहेत. फक्त लग्नाचे फोटो मला काढू दे. तेजूला हा फोटो दे आणि म्हणावं, मामा काढील, पण बोटसुद्धा लावणार नाही. आणि तिनं त्या दिवशी विचारलं होतं ना, तेव्हा माझ्या तोंडून उत्तर फुटलं नव्हतं. तिला म्हणावं, चालतेस बाई, अशीच चालतेस.