अठरा मीटरची रेघ

४ फेब्रुवारी

शहराच्या विकास आराखड्याची तीनशे बारा पानं! आणि नकाशा बघायचा तर नगररचना विभागात, अकरा ते एक, एकाच टेबलावर, एका वेळी एकाच माणसाने. साडेदहाला जाऊन उभी राहिले. बारा वाजता नंबर आला. कारकुनाने घड्याळाकडे बघितलं. "पटकन बघा बाई, मागे लोक खोळंबलेत."

शहराची पुढची वीस वर्षं — पटकन बघा!

पिवळं ते राहण्याचं, निळं ते व्यापारी, हिरवं ते बागेचं. लाल दुहेरी रेघ म्हणजे रस्ता रुंद होणार. ती रेघ दादाच्या गल्लीतून जाते. आठ मीटरची गल्ली अठरा मीटर होणार, आणि वाढीव दहाच्या दहा मीटर दादाच्या बाजूने. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान पुरतं जातं. वरच्या दोन खोल्यांसकट. दादा-वहिनींचा सगळा संसार त्या दोन खोल्यांत. माझाही जन्म तिथलाच.

आणि समोर काय? पालिकेचं जुनं गोदाम. कित्येक वर्षं बंद. लांबच लांब भिंत नुसती. तिच्या एका विटेला हात लावलेला नाही!

५ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. एक मशीन उलटं करून त्याच्या पोटात तेल सोडत होता. ऐकून घेतलं, शटल पुसलं, परत बसवलं. म्हणाला, "बघू."

चौसष्ट वर्षांचा झाला. वडील गेले तेव्हाही "बघू"च म्हणाला होता.

मी पेटले. हे राज्य कुणाचं, शहर कुणाचं, नकाशा काढणाऱ्याच्या हाताला माती कधी लागली आहे का — उभ्या उभ्या अर्धा तास बोलले. वहिनी जिन्यात बसून ऐकत होती. "वन्सं, तुम्ही बोलायला लागलात की भिंतीसुद्धा माना डोलावतात. पण निर्णय भिंती घेत नाहीत ना!"

११ फेब्रुवारी

आराखड्याची प्रत नकाशा बघितला त्याच दिवशी मिळाली होती. वाचतेय. सात दिवसांत एकशे नव्वद पानं. आयुष्यभर वाचत आले — इतिहास, कायदा, कादंबऱ्या, कैद्यांची पत्रं — पण इतकं निर्मनुष्य गद्य कधी वाचलं नव्हतं. एकाही पानावर माणूस नाही. "बाधित मिळकती" आहेत. "सुलभ वहन" आहे. पान १४४: "विस्थापन नगण्य." नगण्य म्हणजे मोजण्याच्या लायकीचं नसलेलं. कुणी न मोजता ठरवलं?

पान १८८: "स्थानिकांशी चर्चा करण्यात आली."

दादाला विचारलं, आलं होतं का कुणी?

"एक जण आला होता उन्हाचा. पाणी मागितलं. प्यायला आणि गेला."

म्हणजे हीच चर्चा!

१८ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

अकरा पानांची हरकत घेऊन गेले. आठवडाभर घासूनपुसून लिहिलेली. प्रत्येक मुद्द्याला त्यांच्याच आराखड्यातलं पान, त्यांचंच कलम. कारकुनाने उघडूनसुद्धा बघितली नाही. "ठरावीक नमुन्यात द्या." नमुना म्हणजे एक कागद. त्यात हरकतीसाठी चार बोटं जागा! चार बोटांत वडिलांनी बांधलेलं दुकान बसवा, दादाची चाळीस वर्षं बसवा, वहिनीचा जिना बसवा.

बसवलं.

कारकुनाने कागद परत सरकवला. "पर्यायाचा रकाना रिकामा आहे."

"पर्याय मी का देऊ? आराखडा तुमचा, पगार तुम्हाला."

"रकाना रिकामा असेल तर हरकत धरत नाहीत, बाई. नियम आहे."

काय नियम! खिसा कापणाऱ्याने विचारावं — तुमचा नको, तर कुणाचा कापू ते लिहून द्या! हे त्याला मोठ्याने ऐकवलं. रांगेतली माणसं हसली, एकाने टाळी वाजवली. कारकुनाने पेन पुढे केलं. एक वाजायला पाच मिनिटं होती.

तिथेच उभ्याने लिहिलं: "वाढीव रुंदी समोरील बंद गोदामाच्या बाजूने घ्यावी. तिथे कुणीही राहत नाही." शिक्का बसला. दोन ओळी! माझ्या अकरा पानांची किंमत त्यांच्या लेखी शून्य, आणि या दोन ओळींसाठी शिक्का.

२२ फेब्रुवारी

हरकतीच्या प्रतीवर गल्लीत सह्या गोळा केल्या. बेचाळीस. कुणीही कागद वाचला नाही. कोपऱ्यावरचा शिंपी हात जोडून म्हणाला, "सही घ्या ताई, दोन घ्या, पण भाषण नको, गिऱ्हाईक उभं आहे." दादानेसुद्धा न वाचता केली. "तू लिहिलंयस ना? मग झालं." याला विश्वास म्हणायचं की आळस? चिडले. आतून बरंही वाटलं.

६ मार्च

उत्तर नाही.

२० मार्च

उत्तर नाही. विभागात गेले. कारकून रजेवर. दुसरा म्हणाला, तुमचं टेबल ते, माझं हे.

९ एप्रिल

सुनावणी झाली. तीन मिनिटं!

चाळीस वर्षं कारखान्यांच्या दारांवर, मैदानांवर बोलले. पावणेदोन तास बोलले आहे आणि माणसं हलली नाहीत. आज समितीच्या टेबलावर एक घंटी ठेवली होती, शाळेतल्या बाईंच्या टेबलावर असते तशी. अध्यक्षांच्या शेजारचा साहेब फक्त घंटीसाठीच होता. माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ नुसता आपला पत्ता सांगेपर्यंत संपले.

मी वडिलांपासून सुरुवात केली. त्यांनी विटा रात्रपाळीनंतर स्वतः वाहिल्या. मग शहर म्हणजे काय — रस्ता हा माणसांसाठी की माणसं रस्त्यासाठी — आवाज चढला, मागच्या बाकांवर शांतता पसरली, आता मुद्द्यावर येणार —

टिंग!

"पर्याय लेखी दिलाय ना?" अध्यक्षांनी कागदावरून मान वर केली नाही.

"दिलाय, पण —"

"मग बसा."

बसले! मी बसले! घरी येताना वहिनी म्हणाली, "छान बोललात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं." दादा माझ्यासाठी बाटलीतून पाणी ओतत होता. घंटी वाजेल हे मला ठाऊक होतं. तरी मी विटांपासूनच सुरुवात केली. कारण विटा मला बोलता येतात, रकाना बोलता येत नाही.

३० एप्रिल

काही नाही. वाचवत नाही, लिहवत नाही. दादाने दुकानाला रंग द्यायचं पुढे ढकललं. एवढंच म्हणाला, "पडणारच असेल तर रंग कशाला."

त्याच्या तोंडून एवढं जड वाक्य पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

२ जून

सरकली! रेघ सरकली!

सुधारित नकाशा लागला. टेबलाशी उभी राहून तीनदा बोटाने तपासलं. दादाचं दुकान पिवळं! अख्खं! त्या कारकुनाचे हात हातात घेतले, बिचारा घाबरला. धावत — या वयात! — गल्लीत गेले. शिंप्याने मशीन सोडलं, वहिनी जिन्यात बसून रडली. मला स्टुलावर उभं केलं. बोलले. आज घंटी नव्हती.

दादाने विचारलं, "सरकली म्हणजे कुठे सरकली?"

"समोर! गोदामावरून!"

तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. मग आत जाऊन कुणाचं तरी मशीन उघडलं. आनंदसुद्धा या माणसाला गप्पच करतो!

५ जून

दुकानात एक बाई आली. दादाने विचारायच्या आधीच तिला बसायला स्टूल दिलं — चांगली ओळख दिसली. शिवणकाम करते. समोरच्या गोदामात राहते. आत सत्तावीस घरं आहेत, म्हणाली. ये-जा मागच्या रस्त्याने, म्हणून इकडून दिसत नाही. आठ वर्षं झाली. तिथली सगळी मशीनं दादाकडेच येतात.

तिच्या हातात समितीच्या अहवालाचं पान होतं, चार घड्या घातलेलं.

"ताई, तुम्ही फार चांगलं लिहिता म्हणतात. आमचीही एक हरकत लिहून द्या." मग एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे बघा, कुणी एकाने लिहून दिलंय, तिथे कुणीही राहत नाही म्हणून. कोण हो हा माणूस?"

दादाने हातातलं काम थांबवलं. वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "मी."