बिनसाखरेचा तर्जुमा

खडेबाजार, बेळगाव
बुधवार, ता. २० जानेवारी १९८२

प्रिय विदू,

सप्रेम नमस्कार. संक्रांत होऊन गेली तरी तिळगूळ घे. पाकिटात हलव्याचे चार दाणे घातलेत. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यांचं पीठ झालं असेल, तर पीठ चाट आणि गोड बोल. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, म्हणून तू माझ्या नावानं बोटं मोडत असशील. मोड, माझी ना नाही.

इकडे सगळं ठीक आहे. अण्णाला खोकला झाला होता, तो गेला. शाळेत इन्स्पेक्शन झालं. माझ्या वर्गाला साहेबांनी पाढे विचारले आणि पोरांनी माझी लाज राखली. शेजारच्या जयाबाईंनी यंदा हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या गाळण्या वाटल्या. त्यांचं बघून आणखी दोघींनी त्याच वाटल्या. आता घरात गाळण्याच गाळण्या आणि चहा पिणारी माणसं दोन. तुमच्या निपाणीत थंडी कशी आहे? तंबाखूच्या वखारींवरून जाताना अजून शिंका येतात का तुला?

तू एकच गोष्ट विचारलीस आणि मी गाळण्यांचं पुराण लावलंय, हे कळतंय मला. जरा दम धर. आधी समितीचं ऐक, म्हणजे पुढचं कळेल.

गेलं साल अपंग वर्ष म्हणून साजरं झालं ना, तेव्हा आपल्या जिल्ह्यात सरकारनं अपंगांसाठी एक सल्लागार समिती नेमली. मुक्या-बहिऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून आमच्या अण्णाला घेतलं. जन्मापासून ऐकू येत नाही, तरी छापखान्यात खिळे जुळवून पोट भरतो, त्यामुळं त्याचं नाव कुणीतरी सुचवलं. बैठक डी.सी. साहेबांच्या, म्हणजे कलेक्टरांच्या कचेरीत. कारभार सगळा कानडीत, मधूनमधून इंग्रजी. सीमाप्रश्न आमच्या घरात एकट्या अण्णाला लागू नाही. त्याला दोन्ही भाषा सारख्याच ऐकू येत नाहीत.

तर बहीण म्हणून मी त्याच्याबरोबर जाते, त्याचं तोंड व्हायला. आई गेल्यापासून त्याचे हात पुरते वाचता येणारी मीच. आमची रीत अशी, की त्याच्या वतीनं बोलताना मी ‘मी’ म्हणायचं. ‘मी छापखान्यात काम करतो’ असं मी म्हटलं, की नवा माणूस माझ्या अंबाड्याकडे बघत बसतो.

त्याची हातांची भाषा घरचीच, कुठल्या शाळेतली नव्हे. प्रत्येक माणसाला तो एक खूण देतो आणि तेच त्या माणसाचं नाव. डी.सी. साहेब म्हणजे खिशाला लावलेली दोन पेनं. समितीत उद्यमबागेतला भरमू म्हणून एक आहे, फौंड्रीत त्याची तीन बोटं गेली. अण्णा तीन बोटं मिटून दाखवतो, तो भरमू. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर मारामारी झाली असती, पण भरमूच सगळ्यांत मोठ्यानं हसला. मी म्हणजे खांद्यावरून पुढं ओढलेली वेणी. वेणी घालून किती वर्षं झाली, पण नाव काही बदलत नाही.

बोलता येत नाही म्हणून अण्णा म्हणजे गरीब गाय, असं लोकांना वाटतं. कसली गाय! त्याच्या हातांत जे येतं ते जसंच्या तसं कचेरीत सांगितलं, तर आम्हाला दुसऱ्या दिवशी दारात कुणी उभं करणार नाही. ‘हा माणूस गाढव आहे’ असं तो म्हणतो, मी म्हणते, ‘मी साहेबांशी पूर्णपणे सहमत नाही.’ साखर घालावी लागते गं. तोंड माझं असतं.

परवा सोमवारी बैठक झाली. अण्णाचीच सूचना विषयपत्रिकेवर होती, की दवाखान्यात, कोर्टात, कचेरीत मुक्या-बहिऱ्यांचं बोलणं सांगायला सरकारनं एक पगारी माणूस नेमावा. साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “कशाला पाहिजे पगारी माणूस? अशी एक बहीण घरोघरी असली, तर सरकारला खर्चच नको.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

अण्णानं विचारलं, टाळ्या कसल्या? मी खुणेनं सांगितलं, तुझी सूचना सगळ्यांना आवडली.

पण टाळ्या वाजवणाऱ्यांची तोंडं माझ्याकडे होती. ते त्याला दिसत नाही होय? तो ताडकन उठला, टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा पेला आडवा झाला, आणि दोन्ही हातांनी बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मी बघत होते आणि यात साखर किती घालावी ते मोजत होते. त्याचे हात थांबल्यावर मी उठले आणि म्हणाले, “मी समितीचा आभारी आहे.”

अण्णा माझ्या ओठांकडे बघत होता. त्यानं माझा पदर ओढला. दोन्ही हात फाकून दाखवले, मी एवढं बोललो. मग चिमटीत दाखवलं, तू एवढंसं. आणि मग बोट नाचवून, परत. सगळं.

साहेबांनी विचारलं, काय झालं? पलीकडून भरमू म्हणाला, “साहेब, बाई गाळून सांगायल्यात वाटतं.”

मेले मी, विदू. सुटका नव्हती. त्यानं एकेक वाक्य हातानं म्हणायचं आणि मी ते भर सभेत, कानडीत, मोठ्यानं सांगायचं. तुला मराठीत लिहिते:

“लोक म्हणतात ही माझी जीभ आहे. मला नको असली जीभ. मला पगार घेणारा माणूस द्या. माझं बोलून झालं की तो आपल्या घरी जाईल. ही कुठं जाणार? निपाणीच्या एका चांगल्या माणसानं माझ्या बहिणीला मागणी घातली आहे. ही गप्प बसली आहे. कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवते. मी बहिरा आहे, पण मी कुणाच्या वाटेतला धोंडा नाही. भीती हिला वाटते आणि नाव माझं पुढं करते.”

साहेब गोंधळले. “माझी बहीण म्हणजे... तुम्हीच ना?”

“हो, मीच,” मी म्हणाले. “म्हणजे मी नाही. ते.”

सगळे हसले आणि मी रडायला लागले. जिल्ह्याच्या डी.सी.समोर, पदरात तोंड घालून! माझ्या वर्गातल्या पोरांनी बघितलं असतं, तर पुन्हा कधी पाढे म्हटले नसते.

मी अण्णाला काही सांगितलं नव्हतं गं. दसऱ्याला तुम्ही दोघं भावंडं आलात, तू मला स्वयंपाकघरात ओढून तुझ्या भावाचं, गोपाळरावांचं विचारलंस, तेव्हा तो बाहेर त्यांच्याजवळ बसला होता. घरी आल्यावर मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणतो, निपाणीचं पत्र आलं की तू उभ्यानं वाचतेस आणि आमटी उतू जाते. आणि तो माणूस माझ्याशी बोलताना ओरडला नाही. बाकी सगळे बहिऱ्याच्या कानाशी येऊन बोंबलतात. तो गप्प बसला, माझ्याकडे बघत राहिला, मी काय म्हणतो ते समजून घेत होता. वकील असून!

विदू, अण्णा सभेत खरं बोलला. तुझं पत्र आल्यापासून मी स्वतःला सांगत होते, की माझ्यामागं अण्णाचं कसं होईल. त्याचं काही अडणार नव्हतं. मला भीती वाटत होती ती माझीच. इतकी वर्षं मी ‘मी’ म्हणते, ते त्याच्या वतीनं. या वयात नव्या घरात जायचं, नव्या माणसासमोर बसायचं, आणि तिथं ‘मला हे आवडतं, मला हे नको’ असं माझ्याच वतीनं बोलायचं, या विचारानं माझं धाबं दणाणलं होतं. तुझ्याशी भांडते ते वेगळं. तू काय, तू घरचीच.

आणि अण्णाचं म्हणशील, तर त्याच सभेत भरमू उठला. म्हणाला, “साहेब, दर रविवारी आमी दोघं हाटेलात बसतोय, च्या पितोय, घरचं-दारचं बोलतोय. तवा मधी बाई कुठं असत्यात? सात बोटांत मला समदं जमतंय, दहा बोटांच्या माणसाला न जमायला काय झालं? शिकवा की कुणाला तरी. तवर मी हाय.” मला वाटायचं, रविवारी अण्णा किल्ल्याच्या तळ्यावर एकटा बसून येतो. मी बिचारा-बिचारा करत त्याच्यासाठी भजी तळून ठेवत होते, आणि हा तिकडे पोटभर खाऊन-बोलून येत होता! लबाड मेला. इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं, की काही विचारू नकोस.

समितीनं पगारी माणसाची शिफारस केली. घरी येताना मी अण्णाला विचारलं, सरकार ऐकेल का रे? त्यानं खांदे उडवले. समिती सल्लागार आहे, म्हणाला, तिचं काम सल्ला द्यायचं, सरकार ऐकेल नाहीतर नाही. मग भर खडेबाजारात, भांड्यांच्या दुकानासमोर थांबून त्यानं माझी वेणी ओढल्याची खूण केली. सल्ला तुलाही दिलाय. तू सरकार नाहीस. तू ऐक.

मी रस्त्यात हसत सुटले. डोक्यावरची घागर उतरवल्यावर मान कशी हलकी होते, तसं झालं होतं. दुकानदाराला वाटलं असेल, बाई पातेल्यांना हसते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो. हे ‘हो’ माझं आहे, कुणाचा तर्जुमा नाही. चार वेळा मनात म्हणून बघितलं, जमतंय.

चैत्रात मुहूर्त बघा, त्याआधी शाळा सोडता यायची नाही. आणि निपाणीच्या एखाद्या शाळेत माझ्यासाठी जागा शोधा, मी घरात बसणार नाही. बघ, मागण्यासुद्धा करायला लागले. गोपाळरावांना सांग, आमच्या घरात त्यांना दसऱ्यालाच नाव मिळालंय. बोटानं नाकावरचा चष्मा वर सारायचा, ते गोपाळराव. अण्णा ज्याला नाव देतो, त्याला तो सोडत नाही. त्यांनी आता माझं नाव शिकून घ्यावं. वेणी खांद्यावरून पुढं ओढायची, बस्स. अण्णा त्यांची परीक्षा घेणार आहे.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. रडले ते वाच, आमटी उतू गेली तेही वाच. काही गाळू नकोस आणि वरून साखर घालू नकोस. ती मी पाकिटात वेगळी पाठवली आहे.

तुझी
पद्मजा

(वहिनी म्हणायची घाई करू नकोस. पण फार थांबूही नकोस.)