हळदीचं पाणी

३ नोव्हेंबर

माझं तीन दिवसांवर काही टिकत नाही, पण रंगनाथकाकांनी बियाण्याच्या दुकानाची ही डायरी हातात ठेवली आणि म्हणाले, घ्या, निदान अक्षर तरी सुधारेल. मी तोवर त्यांच्यासमोर एक ओळही लिहिली नव्हती. पुणेरी स्वागत!

मी शंभू, वय बावीस, मुक्काम कुठेच नाही. बारावी अर्धवट टाकून वाशीमहून निघालो. गोव्यात भांडी घासली, नाशिकला द्राक्षं खुडली, ट्रकवर क्लीनर झालो. परवा सदाशिव पेठेतल्या एका चहाच्या टपरीवर चिकटवलेला कागद वाचला : 'बाग व कोंबड्या सांभाळण्यास माणूस हवा. राहणे-जेवण घरचे. एका जागी न टिकणाराही चालेल.' हे तर माझंच वर्णन.

रंगनाथकाकांचं घर कात्रजच्या बाजूला. चहूकडे इमारती उठल्यात आणि मधोमध हा बैठा बंगला. मागे पेरू, चिकू, सीताफळ, पपई आणि एकवीस कोंबड्या. फाटकावर पाटी : 'पेरू मागू नयेत. चोरल्यास गोड होता का ते सांगू नये.' आल्या आल्या भारद्वाज दिसला. असा रुबाबात चालतो की जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे. पंख तर असे तांबूस की—

तर सांगायचं होतं ते मालनकाकूंचं, काकांच्या बायकोचं. दारातच थांब म्हणाल्या, घंगाळात हळदीचं पाणी आणलं आणि खाली बसून स्वतः माझे पाय धुतले. टाचांच्या भेगांवरून हात फिरवत म्हणाल्या, फार चाललास रे. आईनंतर पहिल्यांदाच कुणी माझ्या पायांना असा हात लावला. मी भारद्वाजाकडे बघत राहिलो, डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून.

१२ नोव्हेंबर

तीन दिवस सोडा, एका दिवसातच डायरी सुटली. दुसऱ्या दिवशीच ताप चढला. काकूंनी आठ दिवस मागच्या खोलीतून हलू दिलं नाही. पेज, काढा, पिकली पपई, सगळं त्यांच्या हातानं. दाराला बाहेरून कडी. का, तर मांजर आत येतं म्हणे. आज सकाळी कडी काढली आणि म्हणाल्या, जा आता कुठं जायचं तिथं. उन्हात उभा राहिलो तर कुठंच जावंसं वाटेना. माझ्या बाबतीत हे नवीनच.

कामाला लागलो. इथली खार अर्धा पेरू खाते आणि उरलेला नेम धरून माझ्या डोक्यात टाकते. कुंपणाखालून मुंगूस डोकावतं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. संध्याकाळी काकू ओट्यावर उभ्या राहून 'या, या, या' करतात, आणि दिवसभर रस्त्यापलीकडे, नाल्याकडे उंडारणाऱ्या कोंबड्या मुकाट परततात. फाटक सताड उघडं असतं, तरी एकही चुकत नाही. काका म्हणाले, आमच्या चिरंजीवांपेक्षा बऱ्या. त्या दोघांना टोरोंटोहून रस्ताच सापडत नाही.

उल्काला फोन केला. माझी धाकटी बहीण. तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळालाय, राहायची पंचाईत होती. काकूंना विचारलं तर त्यांनी फोनच हातातून घेतला. ये गं बाळा, खोली कसली मागतेस, घरच तुझं. उल्का रडायला लागली. म्हणाली, दादानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धड केलं.

१६ नोव्हेंबर

काकांनी बाजारातून नवी कोंबडी आणली. मानेवर एक पीस नाही, पण तोरा बघा! पायाला दोरी बांधू का, विचारलं. काकू हसल्या. बांधलेली कोंबडी दोरी सुटली की पळते, म्हणाल्या. बांधायची नसते, घराला लावायची असते.

मग शिकवलं. आधी हळदीच्या पाण्यानं पाय धुवायचे. मग आठ दिवस डालग्याखाली, म्हणजे मोठ्या पालथ्या टोपलीखाली. दाणा फक्त आपल्या हातचा. नवव्या दिवशी डालगं उचलायचं. मग दिवसा ती कुठंही जाईल, पण उजेड उतरला की तिला दुसरं काही दिसत नाही. हे घर तेवढं दिसतं.

पाय मीच धुतले. कोंबडी माझ्याकडे बघत गप्प बसली होती. डालगं घालताना हात का थांबला कळेना. तेवढ्यात मुंगूस आलं आणि विसरून गेलो.

१८ नोव्हेंबर

सुट्टी मागून सदाशिव पेठेत गेलो, त्याच टपरीवर. सहाच्या सुमारास दुकानांतले दिवे लागले आणि मला दिसेना. दिवे होते, पण नुसते ठिपके. त्यांच्याखाली रस्ता नाही, माणसं नाहीत. डोळे चोळले. त्यानंतरचं आठवतं ते एकदम फाटक. दहा किलोमीटर चालत आलो असणार. चपला वाटेत कुठं गेल्या, ठाऊक नाही. घरात पाऊल टाकलं आणि सगळं लख्ख.

काकूंनी माझं ताट आधीच वाढून ठेवलं होतं.

२० नोव्हेंबर

काल मुद्दाम साताऱ्याची एसटी पकडली. शिरवळपर्यंत मजेत होतो. मग ऊन उतरलं. कंडक्टर दंड धरत होता, तो सोडवून घेतला, एवढंच आठवतं. आणि वाटभर एकच गोष्ट दिसत होती, घाटापलीकडून, डोंगराआडून. काकूंच्या ओट्यावरचा दिवा.

पहाटे पोचलो. तळपायांची सालं निघालीत. काकू घंगाळ घेऊन बसल्या होत्या. उशीर केलास, म्हणाल्या.

मी पाय पुढे केले. मीच. आपण होऊन.

२१ नोव्हेंबर

विचारलं. तोंडावर विचारलं. मला लावलंत ना, त्या कोंबडीसारखं?

तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, पोटच्यांना मोकळं सोडून पाहिलं, आता नाही. आणि तुला इथं काय कमी आहे?

काही कमी नाही. तेच तर. तापात कपाळावर तो हात होता, मी झोपेत त्याला आई म्हणालो होतो. आणि त्या हाताला माहीत होतं, तो काय करतोय. आठही दिवस माहीत होतं.

काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, फाटक उघडंच असतं हो आमचं.

२२ नोव्हेंबर

उल्काला फोन. येऊ नकोस म्हणालो. का? — काय सांगू? पाय धुतात म्हणून?

हसली आधी. मग म्हणाली, परत तेच का, दादा? आईच्या आजारपणातही असाच पळालास. म्हणाली, काकूंनी सांगून ठेवलंय, तापानंतर तो काहीबाही बोलेल, मनावर घेऊ नकोस. त्यांच्याशी रोज बोलते मी.

रोज.

माझ्यावर तिचा विश्वास नाही. कसा असेल — मी कधी ठेवू दिलाय?

२४ नोव्हेंबर, दुपार

स्वारगेटला बसलोय. उल्काची गाडी दोनला येणार होती. उतरली की तशीच परतीच्या गाडीत बसवणार. रडू दे, शिव्या देऊ दे.

सकाळी काकूंनी नव्या कोंबडीवरचं डालगं उचललं. ती मान ताठ करून फाटकाबाहेर गेली. मनात म्हटलं, जा बाई, लांब जा.

चार. गाडी नगरच्या अलीकडे बंद पडलीय म्हणे. उल्काचा फोन लागत नाही.

साडेपाच. ऊन पिवळं पडलं. फलाटांचे आकडे पुसट — यावेळी थांबणार. पंचानं मनगट खांबाला बांधलंय. दोन गाठी. उल्का, लवकर ये. लवकर—

२४, संध्याकाळ

खोलीत. मनगट सोललंय. पंचा नाही.

कोंबडी माझ्या आधी परतली होती. डालगं रिकामं, भिंतीला टेकवून ठेवलंय.

फाटक वाजलं. उल्काच. पत्ता विचारत एकटी आली — पत्ता मीच दिला होता.

दाराला कडी नाही. उघडं आहे. दारापर्यंत चार पावलं. पाय उठत नाहीत. हाक मारतो तर घशातून काहीच — खुराड्यातही सगळ्या अशाच गप्प—

काकू म्हणतायत, थांब गं, दारातच थांब.

घंगाळ सरकलं.

हे पान फाडून तिच्याकडे सरकवतो. उल्का, पाय धुऊ देऊ नकोस. मागे फीर. मी टाळत नाहीये, या वेळी नाही, तुझी शपथ—

पाणी ओतलं. ती हसतेय. अहो काकू, तुम्ही कशाला, राहू द्या ना.

आता हसत नाही. आवाज भरून आलाय तिचा. काकूंना म्हणतेय, आईनंतर पहिल्यांदाच कुणी—