बाणाच्या तीन प्रती

प्रिय अर्डिसताई,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या फार्गोला बर्फ वितळला असेल, आमच्या डुलुथला अजून मार्चच चाललाय (कॅलेंडरात मे आहे, पण कॅलेंडरावर विश्वास ठेवायचे दिवस गेले). मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि जावयावर रागावतो. पत्र हाताने लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नकोस. कॉम्प्युटरशी सध्या माझं बोलणं बंद आहे.

झालं असं, की जावईबापू ब्रेंटने मला नवा कॉम्प्युटर आणून दिला. मी मागितला नव्हता. जुना सुरू होईपर्यंत माझी कॉफी पिऊन व्हायची हे खरं, पण कॉफीला तेवढंच निमित्त होतं. ब्रेंट म्हणाला, "पप्पा, जुन्यातलं हवं ते काढून घ्या, शनिवारी मी तो भंगारात देतोय." चौतीस वर्षं काउंटीच्या दफ्तरखान्यात कागद सांभाळले मी, आणि आता हा मला जतन करायला शिकवणार.

हवं ते एकच होतं, लोर्नाचे ईमेल. ती जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं झाली. मी ऐकत नाही म्हणून माझी बायको वरच्या खोलीतून मला खाली ईमेल करायची, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दिवसाला वीस. हॉटडिश ओव्हनमध्ये आहे, पाद्रीबाईंना फोन कर, मोजे कुठे टाकलेस. शेवटी मी अशी सोय करून ठेवली, की तिचा ईमेल आला की न उघडता परस्पर जुन्या टपालाच्या फाईलीत जाऊन पडावा. निवृत्त झाल्यावर निवांत वाचू, म्हटलं. (निवृत्त झालो तेव्हा ती समोरच होती, मग वाचतो कशाला.) आणि ही फाईल आभाळात वगैरे नसते बरं का, त्या एकाच कॉम्प्युटरच्या पोटात असते.

दफ्तरखान्याचा नियम असा, की महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती, तीन ठिकाणी. पडद्यावर फाईलीचं छोटं चित्र होतं, ते मी तीन पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. एक बँकेच्या लॉकरात, एक चर्चच्या तिजोरीत, एक तळघरातल्या फ्रीझरमध्ये माशांखाली (घर जळालं तर मासे शिजतील, पेनड्राइव्ह वाचेल). वहीत नोंद केली, सही केली. शनिवारी ब्रेंटने विचारलं, "सगळं घेतलंत ना?" मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधीपासून घेतोय." दुपारपर्यंत जुन्याचा चुरा झाला.

रविवारी नव्यावर उघडायला गेलो, तर फाईल सापडत नाही म्हणे. फ्रीझरमधली नाही, तिजोरीतली नाही. सोमवारी बँक उघडली, लॉकरातलीही नाही. ब्रेंटने चष्मा वर करून पाहिलं. त्या चित्राच्या कोपऱ्यात एवढासा बाण होता. बाण असला की ती फाईल नसते, फाईल कुठे आहे ते सांगणारी नुसती पाटी असते. मी पाटी तीन कुलपांत ठेवली आणि घर पाडायला दिलं. एवढं सांगून ब्रेंटने पेनड्राइव्ह माझ्या हातात परत ठेवला. टोमणा मारला असता तर निदान भांडता आलं असतं. राग त्याचा नाहीच, पण हे त्याला कळवू नकोस.

बाकी सगळं ठीक. जेवत जा वेळेवर.

तुझा भाऊ,
ऑर्विल

ता. क. गुडघ्याला शेक देत जा. दुसऱ्याला सांगतेस, स्वतः करत नाहीस.

ता. क. २. मला लिहिलेल्या प्रत्येक ईमेलची प्रत लोर्ना तुला पाठवायची, साक्षीदार म्हणून. तुमच्या घरातले मोजे माझ्या टपालात कशाला, म्हणून तू दर नाताळात कुरकुरायचीस. तू काहीच टाकून देत नाहीस (आईचे मार्गारीनचे रिकामे डबे अजून तुझ्याकडेच आहेत), म्हणून विचारतो. ते ईमेल आहेत का? असतील तर कॉम्प्युटरला कोणालाही हात लावू देऊ नकोस, ब्रेंटला तर नाहीच. मी शुक्रवारच्या बसने येतोय.

ता. क. ३. छातीत दुखतंय असं तिने मला कधी सांगितलंच नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं, ब्रेंटला सांगितलं, दफनाच्या दिवशी तुलाही सांगितलं. तेव्हा तू काहीच बोलली नाहीस, कॉफी ओतत राहिलीस. आताही काही बोलू नकोस. ती गेली त्याआधीच्या जानेवारीत तिने काय लिहिलं होतं, ते मी येऊन स्वतः वाचेन.