चहाला न आणलेला पाहुणा

काका, नल्लकुंट्यातल्या तुमच्या त्या एका खोलीत मी इटालियन शिकले, हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. लढाईत कैदी होऊन तुम्ही दोन वर्षं इटलीत काढलीत, पहारेकऱ्यांशी बोलून बोलून भाषा उचललीत आणि निवृत्त झाल्यावर एक तरी विद्यार्थी मिळावा म्हणून वाट पाहत बसलात. मिळाले कोण, तर मी. बाहेरची यंत्रं आणायची वाट तेव्हा नुकती मोकळी झाली होती. आमच्या फरशीच्या कारखान्यात इटलीहून यंत्रं येणार होती आणि मला टायपिस्टच्या खुर्चीतून कसंही करून उठायचं होतं.

अजून डोळ्यांसमोर येतं. मी ‘क्रेदो के’, म्हणजे ‘मला वाटतं की’, एवढं म्हणून पुढे बिनधास्त ‘ए’, म्हणजे ‘आहे’, ठोकून देते आणि तुमची लाल पेन्सिल टेबलावर आपटते. “नुसतं वाटतंय ना तुला? मग ‘सिया’ म्हण. अन् कालचं वाटणं असलं तर ‘फोस्से’. कित्ती बार सांगू, बाई?” मी रडकुंडीला येते. मग तुम्हीच उठून स्टोव्ह पेटवता आणि चहा ठेवता.

यंत्रांबरोबर त्यांचा इंजिनियर आला. दोन दिवस माझं बोलणं ऐकून म्हणाला, इतकं नेमकं तर आमच्याकडची पोरंही बोलत नाहीत, शिकवलं कुणी? साहेब शेजारीच उभे होते. तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी दुभाष्याच्या कामाला तुम्हालाच बोलावलं असतं आणि मी परत टाइपरायटरसमोर. मी म्हटलं, कॅसेटी ऐकून, माझी मीच. कृतघ्नपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “एकदा घेऊन ये की त्याला,” तुम्ही म्हणालात. “चाय पिऊन जाईल. पन्नास वर्षं होत आली, त्यांच्यातल्या कुणाशी बोललो नाही.” दोन रविवार तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बसलात. त्याला फुरसत नाही, असं मी सांगितलं. “हौ, कामाचा माणूस,” म्हणत तुम्ही पुढचा धडा उघडलात. त्याच थंडीत तुम्ही गेलात.

हे पत्र कुठे टाकणार, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. त्या दोन्ही रविवारी तो मोकळा होता. मी त्याला चारमिनार, गोवळकोंडा दाखवत हिंडत होते. परतताना नारायणगुड्यात त्यानं विचारलं, एवढ्या मोठ्या शहरात माझ्या भाषेत दोन शब्द बोलणारं आणखी कुणीच नाही का?

तुमची खोली तिथून चालत वीस मिनिटांवर होती, काका. मी म्हटलं, कुणीच नाही.