तिरक्या काचेच्या घराबद्दल खुलासा

केंदूर, ता. शिरूर
२२ एप्रिल

केडगाव मुक्कामी वडील साडू बबनराव यांना केंदूरहून भिमाजीचा वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (मागच्या भेटीत तुम्ही डावा म्हणाला होता, पण लंगडत उजव्यावर होता. मी पाहिलं आहे.) अक्षदाताईंची शुगर, नवी म्हैस, स्वराजचे दहावीचे पेपर, सगळं ठीक आहे असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे खुशाल. तुमची मेहुणी शितल तर फारच खुशाल आहे, आणि पत्राचा विषय तोच आहे.

केडगावात अशी बातमी आहे म्हणतात, की भिमाजीला बायकोनं घराबाहेर काढलं आणि तो शेळ्यांत झोपतो. फोनवर खुलासा केला असता, पण तुम्ही फोनवर मधेच हसता. म्हणून लेखी. त्यातलं 'झोपतो' बरोबर आहे. 'काढलं' हा शब्द चुकीचा आहे. मी माझ्या पायांनी चालत गेलो.

तुम्हाला ठाऊकच आहे, रांजणगावची फिटरची नोकरी सोडून मी माळावरच्या तीस गुंठ्यांत विजेची तार न घेता, आपलं आपण पिकवून राहायचं ठरवलं. गुरू केलं ते एका नवरा-बायकोला. त्यांचा मुक्काम उत्तरेकडच्या कुठल्याशा देशात, जिथं पाच महिने बर्फ असतो. त्यांचे दोनशे चौदा व्हिडिओ मी पाहिले. भाषा कळत नाही, पण हात कळतात. त्यांचं घर अर्धं टेकडीत पुरलेलं, दक्षिणेला जमिनीपासून छपरापर्यंत काच, मागं दोन फुटी मातीच्या भिंती आणि भिंतीला लागून पाण्याची काळी पिंपं. दिवसा ऊन साठवायचं, रात्री वापरायचं. मी तंतोतंत तसंच बांधलं. दक्षिण होकायंत्रावर घेतली नाही, काठी रोवून दुपारच्या सावलीवर घेतली. काच पंचेचाळीस अंशांत तिरकी बसवली, कारण तशी असली की बर्फ घसरून खाली पडतो. (केंदुरात बर्फ पडत नाही, हे मला हरिबा गवंड्यानंही सांगितलं होतं. पण पद्धत अर्धी घेतली की तिचा गुण जातो. लोखंडी चौकट मी स्वतः जोडली. पाबळला वेल्डिंग शिकवतात, ते मी तीन दिवस खिडकीतून पाहिलं आहे.)

घर चुकलेलं नाही, हे नीट वाचा. जानेवारीत पहाटे बाहेर नऊ डिग्री, आत बावीस. संक्रांतीला तुम्ही स्वतः शाल काढून बसला होता. (कोरड्या संडासाबद्दल ताईंनी तेव्हा जे मत दिलं, ते मी मनावर घेतलेलं नाही. भुसा संपला नव्हता, टाकायचा राहिला होता.) फेब्रुवारीच्या शेवटी आत छत्तीस. गुढीपाडव्याला दुपारी दोन वाजता एकावन्न. त्या लोकांच्या भिंती दिवसभराची ऊब रात्री परत देतात. आमच्याही देतात. पहाटे चारपर्यंत प्रामाणिकपणे देतात. म्हणजे घर शंभर टक्के काम करत होतं, फक्त उन्हाला कुठं थांबायचं ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात शितलनं बटाट्याच्या किसाची परात आतल्या खाटेवर ठेवली आणि विहिरीवर गेली. तासाभरानं आली तो कीस कडकडीत. ना धूळ, ना कावळा, ना कोंबडी. तिनं किसाकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खंडूची बायको हर्षदा कुरडया घेऊन आली, आणि पंधरा दिवसांत निम्मं गाव. आधी खाट बाहेर आली, मग कपाट, मग मी. आत बांबूच्या चार थरांच्या मांडण्या उभ्या राहिल्या, त्यांवर जुनी लुगडी, त्यांवर पापड, सांडगे, चिकवड्या. माझ्याच घरात बायका मला 'दाजी, पाय बघून' म्हणतात. मी एवढंच केलं, की वाफ कोंडते म्हणून वर दोन झडपा काढल्या आणि किती वाजता कुठल्या मांडणीवर ऊन येतं त्याचा तक्ता खडूनं दारावर लिहिला. ते काही त्यांच्यासाठी नव्हतं. चुकीचं वाळलेलं मला बघवत नाही.

आता गोठा. त्याला उसाच्या पाचटाचं छप्पर आहे. मल्हारी गड्यानं ते दीड दिवसात घातलं, एकही व्हिडिओ न बघता. भर दुपारी आत तेहतीस. हा आकडा मी कुणाला सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

सोमवारी मी शितलला सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, की घर मी माणसांसाठी बांधलंय. एक तर मी आत राहीन, नाहीतर कुरडया. ती सोऱ्या धूत होती. वर न बघता म्हणाली, "आवं, माणसं टिकत न्हाईत त्यात. कुरडया टिकत्यात." (बाकीच्या बायका हसल्या नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. त्यांनी फक्त तोंडाला पदर लावला.)

साडूभाऊ, दोन वर्षं माती तुडवून हे घर मी उभं केलं. गावात त्याला आता 'पापडाची काच' म्हणतात. आत जायचं तर मला चपला बाहेर काढून विचारून जावं लागतं. एवढंच खुपतं. बाकी गैरसमज नसावा. ताईंना नमस्कार, स्वराजला आशीर्वाद.

तुमचा, कुणीही न काढलेला,
भिमाजी

ता. क. पत्र खरं तर तुमच्या माडीवरच्या खोलीसाठी आहे. मृग लागेपर्यंत मिळावी. तिथला पंखा चालतो ना? नसल्यास मी दुरुस्त करीन. मात्र खोली मी मागितली असं दिसायला नको. पत्र मिळालं की संध्याकाळी शितलच्या फोनवर फोन करा आणि म्हणा, आमच्या विहिरीवरची मोटार कुणालाच जमेना, भिमाजीराव आल्याशिवाय होणार नाही, दीड महिना तरी पाठव. मोटारीला दीड महिना कशाला, असं ती विचारेल. तेव्हा 'स्टार्टर' म्हणा. हसू नका.

ता. क. (दुसऱ्या दिवशी) फोन करू नका. पाकीट चिकटवायला खळ मागितली, तर शितलनं आधी पत्र वाचून काढलं. मला वाटलं आता भांडण. तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "जावा की केडगावला. पर उद्या समद्यांच्या शेवया हायेत. तुम्ही न्हाई तर ऊन कुणाला इचारायचं?" लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिनं मला काही विचारायचं ठेवलं आहे हे मला नवीन होतं. भरलेली पिशवी मी परत रिकामी केली. दुपारी तिनं माझं ताट गोठ्यात न पाठवता आत वाढलं, मांडण्यांच्या मधोमध, पाट टाकून. अठ्ठेचाळीस डिग्री होतं. मी दोनदा भात घेतला.

खोली मात्र पंधरा मेपर्यंत कुणाला देऊ नका.